रंग उतरवताना

गेल्या महिन्यात भाचीचं अरंगेत्रम झालं. कार्यक्रम छान झाला. घरी यायला रात्रीचे साडेअकरा वाजले. सगळे दमलेले, कुणी सोफ्यावर तर कुणी जमिनीवर लवंडलेलं. भाची तेवढी बाथरूमच्या आरशासमोर उभी राहून डोळ्यांवरचा रंग खसाखसा पुसत होती. हातात ते ओले सुगंधी टिश्यू. पापणी ताणायची, घासायचं, पुन्हा ताणायची. डोळे लालभडक झालेले, काळा रंग मात्र गालापर्यंत पसरून तिथेच ठाण मांडून बसलेला.

मी ओरडलेच. "अगं, थांब! आधी हात खाली कर."

"आत्या, वॉटरप्रूफ आहे गं. जातच नाहीये."

ती माझ्याकडे बघतच राहिली, कारण एवढ्या तेवढ्यावरून ओरडणारी आत्या मी नाही. पण या बाबतीत माझा एक जुना हिशोब आहे. तो सांगितल्याशिवाय पुढचं नीट कळायचं नाही.

१९९४ साल. कॉलेजची एकांकिका. मला चेटकिणीचं काम होतं. डोळ्यांभोवती काळ्या रंगाची जाड वर्तुळं आणि भुवयांवर स्पिरिट गमनं चिकटवलेले केस. प्रयोग संपला, प्राथमिक फेरीतून निवड झाली, रंगपटात नुसता आरडाओरडा. रंगभूषाकार शेवटची बस गाठायला निघून गेले होते. केस काढायला ठेवलेली स्पिरिटची बाटली कुणीतरी माझ्या हातात दिली आणि मीही, आनंदाच्या भरात, त्याच बोळ्यानं डोळ्यांवरचा काळा रंगही पुसायला घेतला. पुढचं काय सांगू! आग झाली म्हणून चोळलं, चोळलं म्हणून आणखी आग. दुसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, बुबुळावरच्या पातळ पापुद्र्याला ओरखडा गेलाय. दोन दिवस डोळ्यावर पट्टी. अंतिम फेरीत माझं काम दुसऱ्या मुलीनं केलं, आणि चांगलं केलं. त्यानंतर मी पुन्हा रंगमंचावर उभी राहिले नाही. दोष कुणाचाच नव्हता, पण तो डोळा आजही वारा लागला की आधी पाणावतो.

तेव्हा आजोबा होते. तरुणपणी गावच्या जत्रेत नाटकातून त्यांनी स्त्रीभूमिका केलेल्या. माझी पट्टी बघून त्यांनी एकच प्रश्न विचारला, "खोबरेल नव्हतं काय तिथं?"

त्या प्रश्नानं तेव्हा मला रागच आला. पण पुढे कितीतरी वर्षं तो डोक्यात राहिला. माणसं हजारो वर्षं डोळे रंगवतायत. मग ती रात्री ते पुसायची कशानं? रंग चढवण्याबद्दल हवं तेवढं वाचायला मिळतं. उतरवण्याबद्दल मात्र इकडेतिकडे विखुरलेलं, वेचून घ्यावं लागतं. तेच थोडंफार वेचलेलं आज मांडतेय.

सुरुवात अर्थातच इजिप्तपासून. तिथे बायका आणि पुरुष दोघंही डोळ्यांत काळं घालत. ते मुख्यतः शिशाच्या खनिजापासून बनलेलं. फ्रेंच शास्त्रज्ञांनी थडग्यांत सापडलेल्या कुप्यांमधली भुकटी तपासली, तेव्हा त्यात निसर्गात सहज न सापडणारे शिशाचे क्षार निघाले. म्हणजे ते मुद्दाम बनवलेले होते. २०१० साली त्यांनी असंही मांडलं की या क्षारांच्या अगदी सूक्ष्म मात्रेमुळे त्वचेच्या पेशी जंतूंविरुद्ध जाग्या होत असाव्यात. ही बातमी तेव्हा "काजळ डोळ्यांना चांगलं" अशा थाटात सगळीकडे फिरली. पण शिसं ते शिसंच. ते शरीरात साठत जातं आणि लहान मुलांच्या मेंदूला त्याचा अपाय होतो, ही गोष्ट त्या संशोधनानं काही पुसली गेली नाही.

आपल्याकडे दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि आपण त्यांची सर्रास गल्लत करतो. सुरमा हा दगडाचा. त्यात पुष्कळदा शिशाचंच खनिज असतं. घरचं काजळ हे काजळीचं. एरंडेलाचा किंवा तुपाचा दिवा, त्यावर पालथं धरलेलं तांब्याचं ताट, साठलेली काजळी खरवडून तुपात कालवायची. आता हे बघा, या काजळातच ते उतरवायचं साधन आहे! तुपात कालवलेलं काजळ तुपा-तेलानंच सुटतं. आजी रात्री बोटाला खोबरेल लावून आमच्या डोळ्यांच्या कडा पुसायची आणि मग पदराच्या टोकानं टिपून घ्यायची. (बाळांच्या डोळ्यांत काजळ घालूच नका असं आता डोळ्यांचे डॉक्टर सांगतात, आणि ते ऐकायला हवं. मी आठवण सांगतेय, शिफारस करत नाहीये.)

तेलाचं हे शहाणपण एकट्या आपल्या आजीचं नाही. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात रोममध्ये नावारूपाला आलेला गेलन नावाचा वैद्य होता. मेण, तेल आणि पाणी एकत्र घोटून त्यानं एक मलम केलं. अंगाला लावलं की त्यातलं पाणी उडून जाई आणि गार वाटे, म्हणून ते 'थंड' मलम. आपलं कोल्ड क्रीम ते हेच! पुढे सतराशे वर्षं कृती जवळपास तीच राहिली. मुख्य अडचण दोनच. तेल खवट व्हायचं आणि पाणी वेगळं व्हायचं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यात टाकणखार आणि वनस्पती तेलाऐवजी खनिज तेल आलं. मग ते महिनोन्महिने टिकू लागलं आणि कारखान्यात बनून डब्यांतून जगभर गेलं.

ते गेलं ते आधी रंगपटातच. कारण तिथे तोवर भलतंच संकट होतं. युरोपातले नट चेहऱ्याला शिशाचा सफेदा फासत. आपल्याकडेही वेगळं नव्हतं. आजोबांच्या बोलण्यात सफेदा, मुर्दाडशिंग, हिंगूळ ही नावं अगदी मीठ-मिरचीसारखी यायची. मुर्दाडशिंग म्हणजे शिशाचं भस्म आणि हिंगूळ म्हणजे पाऱ्याचं संयुग, हे मला फार उशिरा कळलं. त्यांना तर ते कधीच कळलं नाही. १८७३ साली बर्लिनमध्ये लुडविग लाइशनर या ऑपेरा गायकानं शिसं नसलेले चरबीतले रंग बनवायला सुरुवात केली, तेव्हा नटांच्या दृष्टीनं ती केवढी सुटका असेल! पण चरबीतला रंग पाण्यानं कसा जाणार? त्याला चरबीच हवी. म्हणून मग आरशापाशी रंगकांड्यांशेजारी कोल्ड क्रीमचा डबा येऊन बसला.

आणि केरळात? तिथे कथकलीचा नट तीन-चार तास आडवा पडून रंगवून घेतो. चुंडप्पूची बारीक बी खालच्या पापणीत ठेवून डोळे लाल करतो, रात्रभर नाचतो आणि पहाटे खोबरेल तेलानं सगळं उतरवतो. गेलन नाही, लाइशनर नाही, कारखाना नाही. आजोबांचा प्रश्न असा थेट पश्चिम किनाऱ्यावरून आलेला होता. नारळ जिथे, तिथे उत्तरही तयार.

इथपर्यंत गोष्ट सरळ आहे. तेलातला रंग तेलानं जातो. विसाव्या शतकात मात्र ती गुंतागुंतीची झाली.

१९१७ च्या सुमारास अमेरिकेत मेबलीननं वडीच्या रूपात मस्कारा आणला. साबण आणि रंग यांची वडी, ओला ब्रश फिरवून पापण्यांना लावायची. पाण्यानं निघायची खरी, पण रडू आलं किंवा पाऊस आला की गालावर ओघळ आणि डोळ्यांत साबण. म्हणजे रंग नको तेव्हा जातो अशी तक्रार. मग न जाणारा रंग हवा झाला. १९३३ च्या आसपास 'लॅश ल्युअर' नावाचा पापण्यांचा कलप विकायला आला. त्यात केसांच्या कलपातलं एक जहाल रसायन होतं. ओहायोमधली एक बाई एका समारंभासाठी सजायला पार्लरमध्ये गेली, तिथे हा कलप लावून घेतला आणि कायमची आंधळी झाली. आणखी एका बाईचा जीव गेला. सरकारी अधिकाऱ्यांना या मालावर काही करता येईना, कारण १९०६ च्या कायद्यात सौंदर्यप्रसाधनं नव्हतीच! मग त्यांनी अशा घातक वस्तूंचं प्रदर्शन मांडलं. वर्तमानपत्रांनी त्याला भीतीचं दालन म्हटलं. अखेर १९३८ साली अमेरिकेत नवा कायदा आला. आपल्याकडे औषधांचा कायदा १९४० चा, पण त्यात सौंदर्यप्रसाधनं आली ती १९६२ च्या दुरुस्तीनं. प्रसाधनांत रंगासाठी शिसं आणि सोमल वापरायला आपल्या नियमांतही बंदी आहे.

त्या ओहायोच्या बाईबद्दल मी अनेकदा विचार करते. तिच्या पापण्यांवर जे होतं ते उतरवायला जगात काही नव्हतं. खोबरेल नाही, कोल्ड क्रीम नाही. ते उतरणारच नव्हतं, कारण ते तसंच बनवलं होतं.

पुढच्याच वर्षी, १९३९ मध्ये, न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात हेलेना रुबिनस्टाइननं पाण्यात न जाणारा मस्कारा मांडला. तिथून वॉटरप्रूफचा जमाना सुरू झाला. आजच्या मस्कारात मेणं असतात आणि वाळल्यावर पातळ पापुद्रा धरणारी द्रव्यं असतात. साध्या साबणाला ती दाद देत नाहीत. हे सगळं शोधताना मला एक गोष्ट जाणवली. रंग नेहमी पुढे असतो आणि तो उतरवण्याचं साधन मागून, धापा टाकत येतं. मधल्या काळात किंमत मोजतो तो डोळा.

आज मात्र ते साधन बऱ्यापैकी जवळ येऊन पोहोचलंय. दुकानात मुख्यतः तीन प्रकार दिसतात. एक तेल किंवा बाम. दुसरी दोन थरांची बाटली, वर तेलकट थर, खाली पाणी, वापरण्याआधी हलवायची. वॉटरप्रूफ रंगाला हे दोन चांगले. तिसरं मायसेलर वॉटर. हे १९९० च्या दशकात फ्रान्समधून पुढे आलं. पाण्यात अगदी सौम्य साबणी रेणूंचे बारीक पुंजके असतात, तेल-रंग त्यांच्या पोटात शिरतो आणि बोळ्यावर येतो. साध्या काजळाला, हलक्या रंगाला ते पुरतं. पण ते 'पाणी' म्हणून विकतात म्हणून धुवायला नको असं नाही. साबणी रेणू पापणीवर राहिले तर चुरचुरतातच. बेबी शाम्पूचंही तेच. कितीतरी वर्षं डॉक्टरसुद्धा पापण्या धुवायला तो सुचवत, अलीकडच्या अभ्यासात मात्र खास पापण्यांसाठी बनवलेली द्रव्यं त्याहून बरी ठरली.

आणि खोबरेल? आजोबांची माफी मागून सांगते, ते रंग सोडवतं उत्तम, पण डोळ्यांत गेलं तर सगळं धुरकट दिसतं, आणि पापणीच्या काठावर तसंच राहू देणं बरं नाही. त्या काठावर, केसांच्या अगदी मागे, तेलाच्या इवल्याशा ग्रंथींची तोंडं असतात. वरच्या पापणीत पंचवीस ते चाळीस, खालच्या पापणीत थोड्या कमी. त्यांच्या तेलामुळे अश्रू लवकर सुकत नाहीत. आपण काजळ नेमकं तिथेच ओढतो! कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठात २०१५ साली तपासलं गेलं, तेव्हा पापणीच्या आतल्या काठावर लावलेला रंग बाहेर लावलेल्या रंगापेक्षा लवकर आणि जास्त प्रमाणात अश्रूंत उतरलेला दिसला.

तर त्या रात्री भाचीला खुर्चीत बसवलं. घरात दोन थरांची बाटली होती. ती हलवून कापसाचे दोन बोळे भिजवले, मिटलेल्या डोळ्यांवर ठेवले आणि म्हटलं, आता तीसपर्यंत मोज. घासायचं नाही. तिनं मोजले. मग वरून खाली, केसांच्या दिशेनं, अलगद एकदा ओढलं. बोळा काळाकुट्ट. पुन्हा एक. मग काठाला ओली काडी, शेवटी कोमट पाणी. सगळं मिळून पाच-सहा मिनिटं लागली असतील.

"एवढंच?" ती म्हणाली.

"एवढंच."

मी तिला स्पिरिटच्या बाटलीची गोष्ट सांगितली. तिनं शांतपणे ऐकली आणि मग विचारलं, "मग तू पुन्हा नाटकात काम का नाही केलंस?" त्याचं उत्तर माझ्याकडे तयार नव्हतं. डोळा तर दोन दिवसांत बरा झाला होता.

असो. तिचा पुढचा कार्यक्रम डिसेंबरात आहे. रंगपटात मी असेन, बाटली आणि कापूस घेऊन. तुमच्या घरी आजी-आजोबा रंग कशानं उतरवायचे, कुणाला आठवत असेल तर जरूर सांगा.