लाकडाचा आवाज आणि विजेची तार

काही वर्षांपूर्वी एका सणाच्या मिस्सेत घडलेला प्रसंग आमच्या मनातून अद्याप गेलेला नाही. गायनवृंदातील एक तरुण गिटार वाजवीत होता. पहिल्याच गीताच्या मध्यावर ध्वनिवर्धक एकाएकी घुमू लागला आणि तो घुमारा वाढत वाढत साऱ्या मंदिरभर पसरला. मुलाने घाईघाईने तारांवर हात ठेवला. मिस्सा संपल्यावर आम्ही त्याला चार शब्द ऐकवले व पुढल्या रविवारपासून गिटार बंद केली. तो मुलगा पुन्हा गायनवृंदात आला नाही. दोष कोणाचा, याची चौकशी आम्ही तेव्हा केली नाही. ती पुष्कळ उशिरा झाली आणि ती करता करता गिटारच्या दीडशेहून अधिक वर्षांच्या इतिहासात आम्ही शिरलो. तो इतिहास वाचकांपुढे मांडावा, म्हणून हा लेखप्रपंच.

गिटार हे मुळात चार माणसांच्या बैठकीत वाजायचे वाद्य. 24 डिसेंबर 1818 रोजी ऑस्ट्रियातील ओबर्नडॉर्फ गावच्या चर्चमध्ये ‘सायलेंट नाइट’ या नावाने जगभर गाजलेले नाताळगीत प्रथम गायले गेले, तेव्हा साथीला गिटारच होती. फादर योझेफ मोर व फ्रांत्स ग्रूबर या दोघांच्या कंठांना साथ देण्याइतका तिचा आवाज पुरेसा होता. मोठ्या समुदायापुढे मात्र तो अपुरा पडे. हे उणेपण ज्यांनी दूर करू पाहिले, त्यांत स्पेनमधील आल्मेरियाचा कारागीर अंतोनियो दे तोरेस (1817-1892) अग्रगण्य होय. त्याने गिटारचा पेटारा मोठा केला आणि वरच्या पातळ फळीला आतून पंख्याच्या काड्यांसारखे आधार दिले. आपल्याकडे सतार बनविणारे कारागीर या फळीला तबली म्हणतात. आवाज मुख्यतः तबलीतून निघतो हे पटविण्यासाठी 1862 साली तोरेसने एक गिटार अशी बनवली की, तिची पाठ व कडा कागदाच्या लगद्याच्या होत्या. तबली तेवढी लाकडी होती. ही गिटार बार्सिलोनाच्या संगीत-संग्रहालयात जतन केलेली आहे. तार केवळ थरथरते. बोलते ती तबली. पुढील सारा इतिहास या एका सत्याभोवती फिरतो.

1833 साली जर्मनीतून अमेरिकेस गेलेल्या सी. एफ. मार्टिनच्या कारखान्याने तबलीखाली फुलीच्या आकाराचे आधार रूढ केले. त्या बळावर 1920 च्या दशकात तातीच्या जागी पोलादी तारा आल्या, आणि 1931 पासून या कारखान्याने ‘ड्रेडनॉट’ नावाची रुंद पेटाऱ्याची गिटार स्वतःच्या नावाने विकावयास काढली. 1927 च्या सुमारास जॉन डोपेरा याने पेटाऱ्यात धातूचे शंकू बसवून आवाज वाढवला. तरीही नृत्यवृंदातील तुताऱ्यांपुढे गिटार दबूनच राही.

मग वीज आली. 1931-32 मध्ये जॉर्ज बोशां आणि अडॉल्फ रिकनबॅकर यांनी तारांखाली चुंबक व तांब्याच्या तारेचे वेटोळे बसवून विजेची गिटार तयार केली. 1936 साली गिब्सन कंपनीची ‘ई. एस. 150’ बाजारात आली आणि 1939 पासून चार्ली ख्रिश्चन या तरुणाने ती बेनी गुडमनच्या वाद्यवृंदात अशी वाजवली की गिटार क्लॅरिनेटच्या मांडीला मांडी लावून बसली. परंतु चुंबकाला पोलादी तारेचीच भाषा कळते. लाकडाची कळत नाही. त्यातून एक नवे वाद्य जन्माला आले, जुन्या गिटारचा प्रश्न मात्र तसाच राहिला. 1954 साली गिब्सनने लाकडी पेटाऱ्याच्या एका गिटारला असेच चुंबकीय पिकअप बसवले. 1964 साली बीटल्सच्या ‘आय फील फाइन’ या गीताच्या आरंभी जो घुमारा ऐकू येतो, तो जॉन लेननच्या याच गिटारचा. त्यांनी तो हौसेने ध्वनिमुद्रिकेत ठेवला.

हा घुमारा म्हणजे काय, याचे विवेचन डॅनिश शास्त्रज्ञ सोरेन लार्सन याने केले होते. मायक्रोफोनने टिपलेला आवाज कर्ण्यातून मोठा होऊन पुन्हा मायक्रोफोनवर आदळतो, पुन्हा मोठा होतो आणि हे चक्र थांबत नाही. गिटारच्या बाबतीत तर पेटाराच कान होऊन बसतो. बाटलीच्या तोंडावर फुंकर घातली असता जसा एक ठराविक स्वर निघतो, तशी पेटाऱ्यातील हवा सेकंदास सुमारे 100 कंपनांच्या स्वराला चटकन साद देते. आमच्या मंदिरात घुमला तो हाच स्वर असावा. मुलाच्या बोटांचा त्यात काडीचाही दोष नव्हता.

4 डिसेंबर 1963 रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेविषयीचा जाहीरनामा प्रसिद्ध केला. त्याच्या 120 व्या कलमात ऑर्गनचा मान राखून इतर योग्य वाद्यांनाही दार उघडे केले आहे. त्या दारातून अनेक देशांत गिटार मंदिरात आली आणि तिच्या क्षीण आवाजाचा प्रश्नही तिच्याबरोबर आला.

त्यावर एक उत्तर फार पूर्वीच्या एका शोधातून निघाले. काही स्फटिकांवर दाब दिला असता त्यांत वीज निर्माण होते, हे पिएर व झाक क्युरी या बंधूंनी 1880 साली दाखवून दिले होते. हेलिकॉप्टर बनविणारे चार्ल्स केमन यांनी 1960 च्या दशकात ‘ओव्हेशन’ ही गिटार-कंपनी काढली. या कंपनीने घोडीवरील पट्टीखाली असे स्फटिकधर्मी पिकअप बसवण्याची पद्धत लोकप्रिय केली. घुमारा पुष्कळ कमी झाला. पण हे पिकअप घोडीवरचा तारांचा दाब टिपते. तबलीचा श्वास त्याला नीट ऐकू येत नाही. म्हणून जोराने छेडल्यास आवाज बदकासारखा फटकळ येतो. शिवाय त्याला दहा लाख ओहम किंवा त्याहून अधिक रोध असलेले यंत्र लागते. ते थेट साध्या मिक्सरला जोडले, तर खर्ज गळून पडतो आणि गिटार पत्र्यासारखी वाजते.

1989 साली अमेरिकेत ‘अनप्लग्ड’ म्हणजे विजेविना या नावाची दूरदर्शनमालिका सुरू झाली. एरिक क्लॅप्टनचा 1992 चा कार्यक्रम जगभर गाजला. मौज अशी की, 18 नोव्हेंबर 1993 रोजी याच मालिकेसाठी कर्ट कोबेनने वाजवलेल्या 1959 च्या मार्टिन गिटारला चुंबकीय पिकअप मुळातच बसवलेली होती! नैसर्गिक म्हणून आपण जो आवाज ऐकतो, त्यामागेही पुष्कळ यंत्रे राबत असतात. उलट आंद्रेस सेगोव्हिया (1893-1987) हा थोर वादक ध्वनिवर्धकाच्या विरोधात ठाम राहिला. श्रोत्यांनीच शांत होऊन कान द्यावा, ही त्याची अपेक्षा. त्याचाच शिष्य जॉन विल्यम्स याने मात्र वाद्यवृंदासह वाजवताना ध्वनिवर्धक आपलासा केला. गुरू-शिष्यांचा हा मतभेद आम्हांस मोलाचा वाटतो, कारण दोघांनाही एकच लाकूड ऐकवायचे होते. अलीकडे तर संगणकीय यंत्रे मायक्रोफोनने टिपलेला लाकडाचा ठसा पिकअपच्या आवाजावर उमटवतात.

हे सारे वाचून आम्ही आमच्या मंदिरातील व्यवस्था तपासली. कर्णे गायनवृंदाच्या पाठीशी होते, ते पुढे आणून समुदायाकडे वळवले. मायक्रोफोन गिटारच्या तोंडासमोरून काढून बाराव्या पडद्यासमोर, वीतभर अंतरावर ठेवला. खर्जाचे बटण थोडे उतरवले. खर्च काहीच आला नाही. घुमारा थांबला.

त्यानंतर आम्ही त्या मुलाच्या घरी गेलो. आता तो दोन लेकरांचा बाप आहे. आमची चूक आम्ही त्याच्यापुढे कबूल केली. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, “फादर, इतकी वर्षे मला वाटत होतं, माझाच हात वाईट.” गिटार त्याने केव्हाच विकून टाकली होती.

यंत्राचा दोष माणसाच्या माथी मारण्यापूर्वी तारा कोठे जोडल्या आहेत, हे पाहावे. एवढे शिकायला आम्हांला फार वर्षे लागली. येत्या नाताळासाठी त्या मुलाला आम्ही गायनवृंदात बोलावले आहे. त्याच्या हातात द्यायला धर्मग्रामातील एका कुटुंबाने आपली गिटार देऊ केली आहे.