सूर्याचें परिवलन : एका शोधाचा इतिहास

एखादा गोल स्वतःभोंवतीं फिरतो असें म्हटलें कीं, त्याचे सर्व भाग एकाच काळांत फेरा पुरा करतात हें आपण गृहीतच धरतों. पृथ्वीवर मुंबईचा दिवस आणि लंडनचा दिवस यांची लांबी सारखीच. सूर्याच्या बाबतींत मात्र हें गृहीत खोटें आहे, आणि तें मोजून खोटें ठरविण्यास युरोपांतील ज्योतिर्विदांना अडीचशें वर्षें लागलीं.

इ. स. १६११ सालीं योहान फाब्रिकियस यानें सूर्यावरील डागांविषयीं एक पुस्तिका प्रसिद्ध करून सूर्य स्वतःभोंवतीं फिरतो असें अनुमान केलें. १६१३ त गॅलिलिओचीं पत्रें निघालीं. त्याचा प्रतिस्पर्धी क्रिस्टोफ शायनर हा जेसुइट पंथाचा. निष्कलंक सूर्यावर कलंक कसा असेल, म्हणून डाग म्हणजे सूर्याभोंवतीं फिरणारे लहान ग्रहच, अशी त्याची आरंभींची समजूत. या दोघांचें भांडण इतकें गाजलें कीं, शायनरच्या पुढील कामाला त्याचें योग्य श्रेय मिळालें नाहीं, असें आम्हांस वाटतें. १६३० सालीं पुऱ्या झालेल्या ‘रोझा उर्सिना’ या ग्रंथांत त्यानें पूर्वमत टाकून दिलें, आणि विषुववृत्तापासून दूरचे डाग किंचित् मंद गतीनें सरकतात हेंही टिपून ठेवलें. ती नोंद दोनशें वर्षें तशीच पडून राहिली.

तीच गोष्ट मापून सिद्ध केली रिचर्ड कॅरिंग्टन यानें. हा कोणा विद्यापीठाचा अध्यापक नव्हे. बीअरच्या एका कारखानदाराचा मुलगा. इंग्लंडांत सरे परगण्यांत रेडहिल येथें त्यानें स्वखर्चानें वेधशाळा बांधली व १८५३ च्या नोव्हेंबरांत डागांचे वेध घेण्यास आरंभ केला. रीत साधी. दुर्बिणींतून सूर्याचें प्रतिबिंब पडद्यावर पाडावयाचें, आणि काटकोनांत छेदणाऱ्या दोन बारीक तारांना बिंबाच्या कडा व डाग केव्हां केव्हां स्पर्श करतात त्या वेळा टिपावयाच्या. मग गणित, आणि पुनः गणित. तिकडचें ढगाळ आकाश ज्यांनीं पाहिलें आहे त्यांना या कामाची चिकाटी वेगळी सांगावयास नको. डागांचें एक संपूर्ण अकरा वर्षांचें चक्र पाहावयाचें असा त्याचा संकल्प होता; परंतु १८५८ त वडील वारले, कारखान्याचा भार अंगावर पडला, आणि १८६१ त, साडेसात वर्षांवरच, त्याला थांबावें लागलें.

१८६३ त प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथांत डागांच्या ९५४ समूहांचे ५,२९० वेध आहेत. निष्कर्ष असा कीं, विषुववृत्ताजवळचा डाग सुमारें पंचवीस दिवसांत फेरा पुरा करतो, तर पन्नास अंशांच्या आसपास त्याच फेऱ्यास साडेसत्तावीस दिवस लागतात. अर्थात् सूर्याचा पृष्ठभाग घन नव्हे! कॅरिंग्टनचें नांव आज बहुधा निघतें तें १ सप्टेंबर १८५९ रोजीं त्यानें पाहिलेल्या तेजःस्फोटामुळें. ती घटना अवघ्या पांच मिनिटांची, आणि तींत दैवाचा वांटा मोठा. आमच्या मतें साडेसात वर्षांचें हें मोजमापच अधिक मोलाचें. त्यानें ९ नोव्हेंबर १८५३ पासून धरलेली फेऱ्यांची गणना ज्योतिर्विद आजही चालवितात.

ध्रुवांजवळ डाग येत नाहींत. तेथील गति स्वीडनच्या ड्यूनेर यानें सूर्याच्या दोन्ही कडांच्या वर्णपटांतील रेषांचें सरकणें मोजून काढली. ध्रुवप्रदेशाचा फेरा सुमारें पस्तीस दिवसांचा भरतो.

आपल्याकडेही या शास्त्राचा एक धागा आहे. पुण्याच्या सायन्स कॉलेजांत भावनगरच्या महाराजांच्या देणगीनें उभी राहिलेली तख्तसिंहजी वेधशाळा कावसजी दादाभाई नायगमवाला यांनीं चालविली. १९१२ त ती बंद होऊन तिचीं उपकरणें कोडाईकनालला गेलीं. पुण्याचें तें नुकसानच झालें. कोडाईकनाल येथें १९०४ पासून घेतलेल्या सूर्याच्या छायाचित्रांवरून पुढें परिवलनाचीं मापें काढण्यांत आलीं.

सूर्याच्या पोटांत काय चाललें आहे हें मात्र १९६० पर्यंत कळण्यास मार्गच नव्हता. त्या वर्षीं अमेरिकेंत लेटन यांना पृष्ठभाग सुमारें पांच मिनिटांच्या कालावधीनें वरखालीं हेलकावतो असें दिसलें. हीं आंतील ध्वनिलहरींचीं कंपनें होत. घंटेच्या नादावरून तिची घडण ओळखावी तशी त्यांवरून सूर्याची घडण ओळखतां येते. त्यांतून असें निघालें कीं, गतीचा हा भेद केवळ बाहेरच्या सुमारें तिसऱ्या हिश्श्यांत आहे. त्याखालचा भाग जवळजवळ एकसंध फिरतो.

पृथ्वीच्या वातावरणांतील ज्या विशाल, संथ लहरींचा सिद्धांत रॉस्बी यांनीं १९३९ त मांडला, त्याच जातीच्या लहरी सूर्यावर निःसंशय आढळल्या त्या २०१८ त. उपग्रहानें सहा वर्षें घेतलेल्या वेधांवरून गटिंगेनच्या संशोधकांनीं त्या दाखविल्या. २०२१ त त्यांनीं त्याच कुळांतील आणखी कित्येक प्रकार नोंदविले. विषुववृत्तावर सूर्याचा पृष्ठभाग सेकंदास दोन किलोमीटर वेगानें धांवतो. या भोंवऱ्यांची गति तासाला सुमारें पांच किलोमीटर, म्हणजे माणसाच्या चालीइतकी! एवढी सूक्ष्म हालचाल वेगळी काढावयास दहा वर्षांहून अधिक काळाचे वेध लागले. आणि २०२४ त मांडलेल्या गणितावरून दिसतें कीं, ध्रुवांकडील लहरी विषुववृत्ताच्या दिशेनें उष्णता वाहून नेतात, आणि त्यामुळेंच कॅरिंग्टननें मोजलेला गतीचा भेद एका मर्यादेपलीकडे वाढत नाहीं.