लेडीस्मिथच्या शिबंदीचा आकडा

निरनिराळ्या ठिकाणचे आकडे एकत्र करून एक निर्णय घ्यावयाचा आहे आणि त्यांतील एकच आकडा इतरांपासून फटकून वागतो आहे, अशा वेळीं काय करावें? या प्रश्नाची एक जुनी कथा आज आपणांस सांगावयाची आहे.

१८९९ सालीं दक्षिण आफ्रिकेंत बोअर युद्ध पेटलें. त्यांत ब्रिटिश सैन्याचे जितके शिपाई गोळीनें मेले, त्यांहून अधिक रोगानें मेले. आणि त्या रोगांत विषमज्वर अग्रभागीं होता. आल्मरॉथ राइट यांनीं या ज्वरावर लस तयार केली होती. ती सरसहा सैन्यास टोचावी कीं नाहीं, हा वाद होता. १९०४ सालीं लंडनचे गणिती कार्ल पिअर्सन यांनीं आफ्रिका व हिंदुस्थान येथील फौजांचे आकडे तपासले.

लस आणि ज्वरापासून बचाव यांचा सहसंबंध त्यांनीं प्रत्येक गटापुरता काढला. शून्य म्हणजे कांहींच संबंध नाहीं. एक म्हणजे पूर्ण संबंध. इस्पितळांतील नोकर ०.३७३, लेडीस्मिथची शिबंदी ०.४४५, मेथ्युएन यांची तुकडी ०.१९१, सुट्या पलटणी ०.०२१, हिंदुस्थानांतील फौज ०.१००. सरासरी आली ०.२२६.

आतां आपण एकेक आकडा वगळून पाहूं. लेडीस्मिथ वगळलें तर सरासरी ०.१७१ वर उतरते. सुट्या पलटणी वगळल्या तर ०.२७७ वर चढते. म्हणजे एका गटाच्या जाण्यायेण्यानें लसीचें मोल बदलतें.

याहून नवल पुढेंच आहे. ज्यांना ज्वर झालाच, त्यांपैकीं लस घेतलेले अधिक वाचले काय, हें पाहणारे सहा आकडे होते; त्यांची सरासरी ०.१९३. पहिल्या कोष्टकांत सर्वांच्या वर असलेली लेडीस्मिथची शिबंदी येथें सर्वांच्या तळाशीं, उणे ०.०१० वर आली! तिला वगळतांच सरासरी ०.२३४ होते.

मात्र दोन्ही ठिकाणचा वेगळेपणा सारखा नव्हे. पहिल्या आकड्याचा संभाव्य प्रमाद ०.०१७ इतका अल्प होता. म्हणून तेथील अंतर योगायोगाचें म्हणतां येत नाहीं. दुसऱ्याचा प्रमाद ०.०८१ होता, तेथें योगायोगास पुष्कळ वाव आहे. आकडा नुसता दूर दिसतो म्हणून तो खरोखर वेगळा ठरत नाहीं. आणि वेगळा ठरला तरी तो निर्णय फिरवतोच असेंहि नाहीं. दोन्ही गोष्टी निरनिराळ्या तपासाव्या लागतात.

पिअर्सन यांनीं गैरसोयीचा आकडा झांकला नाहीं. गटागटांतील ही विसंगति पाहून त्यांना शंका आली कीं, स्वखुशीनें टोचून घेणारे शिपाई मूळचेच प्रकृतीस जपणारे असतील. म्हणून त्यांनीं सुचविलें कीं, स्वयंसेवकांची यादी करून दर दुसऱ्यासच लस टोचावी आणि मग तुलना करावी. राइट यांनीं त्यांच्यावर कडाडून टीका केली. पुढें पहिल्या महायुद्धांत ही लस ब्रिटिश सैन्यांत मोठ्या प्रमाणावर टोचली गेली.

अनेक अभ्यास एकत्र तोलण्याच्या या विद्येला ‘मेटा-अ‍ॅनालिसिस’ हें नांव १९७६ सालीं जीन ग्लास यांनीं दिलें, आणि एकेक अभ्यास वगळून पाहणें ही आज तिच्यांतील नेहमींची कसोटी आहे. कसोटी संशयित आकडा दाखविते. त्याला हांकलून देण्याची आज्ञा ती देत नाहीं. तो वेगळा कां, हें शोधण्याचें काम माणसालाच करावें लागतें. कारण प्रत्येक आकड्यामागें कोणाचे तरी प्राण असतात.