राबत्या हाताची अंगठी

लगीनसराई जवळ आली की गटाच्या बैठकीत कर्जाच्या अर्जांवर ‘लग्नकार्य’ हा शब्द दिसायला लागतो. त्या खर्चात हल्ली अंगठ्यांचा आकडा ठरलेलाच असतो, एक नवरीची आणि एक नवरदेवाची. आज मला या अंगठीबद्दलच बोलायचं आहे. पण शोरूमच्या जाहिरातीत दिसते त्या नाजूक बोटातल्या अंगठीबद्दल नाही. ज्या हातात खुरपं, थापी नाहीतर पाना असतो, त्या हातातल्या अंगठीबद्दल.

आधी एक गोष्ट ध्यानात घ्या. आपल्याकडे लग्नाची खूण म्हणून अंगठी फार जुनी नाही. साखरपुडा हा शब्दच बघा. त्यात साखर आहे, पुडा आहे, अंगठी कुठेच नाही. मुलीला कुंकू लावायचं, साडी-नारळ द्यायचा, साखरेचा पुडा हातात ठेवायचा, की लग्न ठरलं. वसई-गोव्याकडच्या ख्रिस्ती कुटुंबांत चर्चमधल्या लग्नात अंगठी पहिल्यापासून आहे. बाकीच्यांच्या घरात ती मागाहून आली, आणि सिनेमा-टीव्हीने तिला खेड्यापर्यंत आणलं.

अंगठी आपल्याला माहीत नव्हती असं नाही. पण तिचं काम ओळख पटवण्याचं होतं. मारुतीने अशोकवनात सीतेला रामाची मुद्रिका दिली, ती ‘मी त्यांचाच माणूस’ हे पटावं म्हणून. कालिदासाच्या नाटकात दुष्यंताने शकुंतलेला नाव कोरलेली अंगठी दिली. ती तीर्थावर पाण्यात पडली, माशाने गिळली आणि पुढचं सगळं रामायण घडलं. सैल अंगठी आणि पाण्यातलं काम यांचं जमत नाही, हे तेव्हापासूनचं आहे म्हणा ना!

मग लग्नाची अंगठी आली कुठून? युरोपातून, आणि तिकडचं मूळ शोधत गेलं तर आपण पोचतो रोमला. प्लिनी नावाचा रोमन लेखक इसवी सनाच्या पहिल्या शतकात लिहितो की, अजूनही नवऱ्या मुलीला लग्न ठरल्याची भेट म्हणून लोखंडाची अंगठी पाठवतात, आणि तीही बिनखड्याची. मला हे वाचून गंमत वाटली. आज ‘लोखंडाची अंगठी’ म्हटलं तर आपल्याकडे शनीची आठवण होईल! सोनं, हिरा, नक्षी हे सगळं नंतर चढत गेलं.

पुरुषांनी लग्नाची अंगठी घालणं तर इंग्लंड-अमेरिकेतही अलीकडचं आहे. ती चाल पसरली दुसऱ्या महायुद्धाच्या काळात. घरापासून लांब गेलेल्या सैनिकांना बायकोची आठवण बोटात हवी होती. त्याच युद्धात ब्रिटनमध्ये सोन्याची टंचाई झाली, तेव्हा सरकारने ठरवून दिलेल्या साध्या, 9 कॅरेटच्या अंगठ्या घालून लोकांनी लग्नं केली. ते संसारही पुढे झालेच की.

आता कॅरेट म्हणजे काय ते बघू, कारण कष्टाच्या हाताचा प्रश्न इथेच येतो. 24 कॅरेट म्हणजे शुद्ध सोनं. ते फार मऊ असतं, त्याची अंगठी रोजच्या वापरात वाकते, झिजते. म्हणून त्यात तांबं, चांदी असे धातू मिसळतात. 22 कॅरेटमध्ये शंभरात साधारण 91.6 भाग सोनं, 18 मध्ये 75, आणि 14 मध्ये 58.5. मिसळ वाढली की दागिना साधारणपणे कणखर होतो.

आपल्या देशात 14 कॅरेटला वाईट नाव मिळालं त्याला एक कारण आहे. 1962 सालच्या चीन युद्धानंतर, जानेवारी 1963 मध्ये अर्थमंत्री मोरारजी देसाई यांनी सुवर्ण नियंत्रण आणलं. 14 कॅरेटपेक्षा जास्त शुद्ध सोन्याचे दागिने नव्याने घडवायला बंदी झाली. परदेशातून चोरट्या वाटेने येणारं सोनं थांबावं, देशाचं परकीय चलन वाचावं, हा हेतू. पण झालं काय, तर गावोगावचे सोनार बेकार झाले, कित्येक घरं उघड्यावर आली, आणि चोरटं सोनं यायचं ते येतच राहिलं. शेवटी 1966 मध्ये 14 कॅरेटची अट काढावी लागली. पुढे 1968 चा कायदा आला, तोही 1990 मध्ये गेला. पण ‘14 कॅरेट म्हणजे खोटं सोनं’ ही समजूत मात्र अजून आहे. माझ्या मते कायदा लादला तो चुकीचाच होता, पण त्यात धातूचा काय दोष? खडीवर, लोखंडावर घासणाऱ्या हाताला तोच जास्त सोसतो.

आमच्या एका गटातल्या ताईंसमोर हाच पेच होता. जावई लेथ मशीनवर काम करतो. त्यांच्या मनात 22 कॅरेटची, वर मोठा खडा असलेली अंगठी होती. ‘हलक्या सोन्याची घातली तर व्याही काय म्हणतील?’ हे भय. मी विचारलं, ‘जावई ती कामावर घालणार का?’ त्यांनी त्यालाच फोन लावला. तो म्हणाला, ‘आई, मशीनवर अंगठी घालूच देत नाहीत.’ शेवटी 18 कॅरेटची सपाट, बिनखड्याची अंगठी झाली, आणि ती कामाच्या वेळी काढायची हे व्याह्यांना आधीच सांगून ठेवलं.

हे सांगून ठेवणं फार महत्त्वाचं. कारण अंगठी कितीही साधी असो, फिरत्या यंत्रापाशी ती धोक्याचीच. ट्रॉलीवरून उडी मारताना अंगठी खिळ्यात अडकली तर अंगाचा सगळा भार त्या एका बोटावर येतो. कातडी सोलून निघते, कधी बोटच काढावं लागतं. डॉक्टरांकडे या इजेला ‘रिंग अ‍ॅव्हल्शन’ असं वेगळं नावच आहे. कडबाकुट्टी, मळणीयंत्र, दोराने गुरं धरणं, सगळीकडे हीच भीती. ट्रॅक्टरची बॅटरी काढताना पाना आणि अंगठी मिळून तारेसारखं काम करतात आणि अंगठी क्षणात तापून बोट भाजतं. सिमेंट कालवणाऱ्या बाईच्या अंगठीखाली ओल आणि सिमेंट साचून जखमा होतात.

आपल्या आज्यांच्या पायातली जोडवी आठवा. बहुतेक जोडव्यांना खालून फट असते, बोट सुजलं तर ती फाकवून काढता येतात. हात तर कामाला मोकळेच! हे कुणी ठरवून केलं की आपसूक झालं, कोण जाणे. पण मंगळसूत्र, जोडवी काढण्याभोवती जेवढी भीती आपण बायांनी वागवली, तेवढी या नव्या पाहुणीभोवती कशाला उभी करायची? कालपरवा आलेल्या अंगठीला ‘काढली की अपशकुन’ ही अट कुठून चिकटली?

घ्यायचीच असेल तर अरुंद घ्या, कडा आतून-बाहेरून गोल असाव्यात. माप संध्याकाळी, काम करून आल्यावर द्या, तेव्हा बोटं थोडी फुगलेली असतात. पेरावरून थोडी अडून निघेल इतपत घट्ट पुरे. सोनं-चांदी अडचणीत सहज कापता येतं. टंगस्टनची काळी चकचकीत अंगठी साध्या कटरने कापली जात नाही, हे पोराला आधी सांगा. कामावर काहीतरी बोटात हवंच असेल तर सिलिकॉनची स्वस्त अंगठी मिळते, ताण आला की ती तुटते. यंत्रापाशी मात्र तीही नको.

सोन्यावर हॉलमार्क बघा: बीआयएसचा त्रिकोण, शुद्धतेचा आकडा आणि सहा अक्षर-अंकांचा क्रमांक. तो क्रमांक ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपवर तपासता येतो. दोन ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या दागिन्याला हॉलमार्कची सक्ती नाही, म्हणून फार हलकी अंगठी घेताना जपून. आणि पावतीवर कॅरेट लिहून घ्या. 3 ग्रॅमच्या 22 कॅरेट अंगठीत पावणेतीन ग्रॅम शुद्ध सोनं असतं, 14 कॅरेटमध्ये पावणेदोन. भाव त्याच हिशेबाने लागायला हवा.

अंगठी अडकलीच तर ओढाताण करू नका. हात थोडा वेळ वर धरा, साबणाचं पाणी लावा. तरी निघाली नाही तर दोऱ्याचं एक टोक अंगठीखालून घाला, उरलेला दोरा पेरापर्यंत बोटाला घट्ट गुंडाळा आणि खालचं टोक धरून सावकाश उलगडत जा. अंगठी दोऱ्यावरून पुढे सरकत येते. बोट निळं पडायला लागलं असेल तर हे करत बसू नका, थेट दवाखाना गाठा.