खंडाळ्याचे देवगांडूळ : एका नोंदीचा इतिहास

देहूचे नाव घेताच तुकोबांचे आणि इंद्रायणीचे स्मरण होते. ही इंद्रायणी लोणावळ्याजवळ सह्याद्रीत उगम पावून देहूला येते. उगमाकडील घाटमाथ्यावर वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, तर देहूचा परिसर पर्जन्यछायेत मोडतो. त्या घाटमाथ्यावरील ओल्या मातीत राहणाऱ्या एका प्राण्याची नोंद कशी झाली व ती कशी वाचावयास हवी, हे प्रस्तुत टिपणात पाहावयाचे आहे.

देवगांडूळ हे गांडूळ नव्हे आणि सापही नव्हे. बेडकाप्रमाणे ते उभयचर आहे. त्यास हातपाय नसतात. अंगावर वळ्या असतात. कवटी भक्कम असून डोके हेच त्याचे माती उकरण्याचे साधन होय. डोळा व नाकपुडी यांच्या दरम्यान असलेल्या बारीक संस्पर्शकाने ते भोवतालचा कानोसा घेते. लिनीयसने १७५८ मध्ये या प्राण्यांची गणना सर्पांत केली आणि ‘आंधळा’ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्यांस ‘सिसिलिया’ हे नाव दिले. पुढे १८३१ मध्ये योहानेस म्यूलर यास लायडन येथील संग्रहातील एका पिलाच्या मानेवर कल्ल्यांची छिद्रे आढळली आणि त्यांच्या उभयचरत्वास बळकट पुरावा मिळाला. म्हणजे हा निर्णयही अरण्यात न होता संग्रहालयात झाला.

आपल्या प्रदेशातील प्रकारही याहून निराळा नाही. अमेरिकेतील कॅन्सस विद्यापीठाचे एडवर्ड हॅरिसन टेलर यांनी १९६० मध्ये ‘इंडोटिफ्लस बॅटर्सबाय’ या नव्या प्रजातीचे व जातीचे वर्णन प्रसिद्ध केले. जातीचे नाव ब्रिटिश म्युझियममधील बॅटर्सबी यांच्यावरून ठेवले होते आणि मूळ स्थळ म्हणून खंडाळा, पुणे जिल्हा, अशी नोंद होती. त्याच वर्षी त्यांनी डांगमधील वघई येथील नमुन्यावरून ‘इक्थिऑफिस बॉम्बेयेन्सिस’ ही जातीही स्थापिली. मुंबई राज्याचे विभाजन त्याच साली, १ मे रोजी, झाले. डांग गुजरातेत गेले. प्राण्याच्या नावात मुंबई तेवढी राहिली.

इतिहासाच्या अभ्यासकास येथे एक परिचित प्रश्न भेटतो. मूळ नमुना हा अस्सल कागदासारखा असतो. परंतु कागद एखाद्या दप्तरात सापडला, एवढ्यावरून ती घटना अन्यत्र घडलीच नाही असे म्हणता येत नाही. बोरघाटाचा लोहमार्ग १८६३ मध्ये खुला झाल्यावर खंडाळा हे मुंबईकरांचे सोयीचे थंड हवेचे ठिकाण झाले. डांगचे सागवानी जंगल एकोणिसाव्या शतकातच ब्रिटिशांनी भाडेपट्ट्याने घेतले होते. नमुने या दोन ठिकाणांहून यावेत, यात प्राण्याच्या वस्तीइतकाच माणसाच्या वहिवाटीचाही भाग असावा, असे अनुमान करावयास हरकत नाही.

या अनुमानास पुढील शोधांनी पुष्टी दिली. २००३ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील डोर्ले येथून ‘गेगेनिऑफिस शेषाचारी’ आणि आंबोलीहून ‘गेगेनिऑफिस डॅनिएली’ या जाती वर्णिल्या गेल्या. २००४ मध्ये वरद गिरी, गॉवर व विल्किन्सन यांनी कोयनेच्या परिसरातील हुंबर्ली येथून इंडोटिफ्लसची दुसरी जात उजेडात आणली आणि तिला महाराष्ट्राचे नाव दिले. पावसाळ्यात दगड उलथून व माती खणून शोध घेणारे अभ्यासक जेथे पोहोचले, तेथे प्राणी भेटला. २००८ मध्ये तर याच शेषाचारी जातीची मादी अंडी न घालता पिलांना जन्म देते असे प्रसिद्ध झाले. आशियातील देवगांडुळांत असा हा पहिलाच दाखला होता, आणि त्या संशोधनात पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातील शास्त्रज्ञांचाही वाटा होता. बाटलीतील नमुन्यावरील ‘खंडाळा’ या एका शब्दातून प्राण्याच्या जीवनक्रमाची अशी माहिती मिळणे शक्य नव्हते.

तात्पर्य, जातींचा नकाशा हा बऱ्याच अंशी पाहणाऱ्यांच्या वाटांचा नकाशा असतो, आणि नकाशावरील रिकामी जागा हा अभावाचा पुरावा नव्हे. लोणावळ्यापासून चाकणपर्यंतची जमीन आज बांधकामांसाठी झपाट्याने खणली जात आहे. घाटमाथ्याकडील खोदाईत निघालेले देवगांडूळ साप समजून मारले गेले, तर त्याबरोबर एक अस्सल साधनही नष्ट होते. गाव, तारीख, मातीचा ओलावा आणि खोली एवढी साधी नोंद जो करील, तो इतिहासकाराचेच काम करील.