कब्जा

घाटकोपरच्या हार्डवेअरच्या दुकानात परवा बिजागऱ्या मागितल्या. दुकानदाराने आतल्या पोऱ्याला आवाज दिला, ‘चार इंची कब्जा दे!’ घरी येईपर्यंत तो शब्द डोक्यात घोळत राहिला.

मूळ अरबी. ‘कब्ज’ म्हणजे घट्ट धरणे आणि ‘कब्जा’ म्हणजे पकड, मूठ. त्यावरून तलवार जिथे धरतात तो भागही कब्जाच. आपली ‘मूठ’ही याच वाटेने आली: संस्कृत ‘मुष्टी’ हाताची, तिच्यावरून पात्याच्या बुडाशी असलेली मूठ तलवारीची. दोन दूरच्या भाषांनी हत्याराला हाताचेच नाव द्यावे, याचे मला फार अप्रूप वाटते.

फारसीतून हा शब्द आपल्याकडे आला आणि पकडीचा ताबा झाला. ‘काबीज’ त्याचाच भाऊ. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर ज्या साष्टी बेटावर वसली आहेत, ते मराठ्यांनी 1737 मध्ये पोर्तुगीजांकडून काबीज केले. 1774 मध्ये ते इंग्रजांच्या कब्जात गेले. सुतारकामात दाराची फळी आणि चौकट धरून ठेवणारी बिजागरी हिंदीत कब्जा ठरली. बद्धकोष्ठाचे हिंदी ‘कब्ज’ही याच कुळातले.

आज उपनगरांत हा शब्द ऐकू येतो तो मुख्यतः भूखंड, गाळे आणि पुनर्विकासातल्या सदनिकांविषयीच्या बोलण्यात. हक्काने मिळतो तो ‘ताबा’, बळजबरीने घेतला जातो तो ‘कब्जा’. बोलीने केलेला हा भेद नेमका आहे. लिहितानाही तो जपावा.