जी. एस. चीमा

१४. पुण्याच्या कृषी महाविद्यालयातील उद्यानविद्येचे प्राध्यापक. ‘लखनौ-४९’ म्हणजेच ‘सरदार’ पेरू आणि ‘गणेश’ डाळिंब ही गणेशखिंडच्या फळबागेतली त्यांची निवड. ही टीप ज्या मूळ मजकुराला जोडली आहे त्यात या कामाला योगायोग म्हटले आहे, ते आम्हांला मान्य नाही. त्यांनी संकर केला नाही, बियांपासून उगवलेल्या झाडांतून एकेक झाड वेगळे काढले, हे खरे. पण पेरूचे किंवा डाळिंबाचे बी आईसारखेच झाड देईल याची खात्री नसते. म्हणून झाडे फळावर येईपर्यंत थांबायचे, दर बहारात फळे कापून, चाखून पाहायची आणि बाकीची नाकारायची, यालाच निवड म्हणतात. ‘आळंदी’ डाळिंबाचा दाणा चावताना कडक बी दाताखाली येई. त्याच वाणाच्या रोपांत मऊ बियांचे ‘गणेश’ ओळखणे ही जाणकाराची नजर होती. गुटी कलमाने तो गुण टिकला आणि शेतकऱ्याच्या बांधापर्यंत गेला.

एकाच वाणाच्या बागांमुळे डाळिंबावरचा तेल्या रोग फोफावला, हा आक्षेप मात्र गंभीर आहे. तरी त्याचे खापर चीमांवर फोडता येणार नाही. मोजक्या वाणांवर सगळी भिस्त ठेवली ती नंतरच्या बाजाराने. चीमांची पद्धत तर विविधतेतूनच सुरू होत होती. भट आणि नाईक यांच्यासह त्यांनी लिहिलेला भारतीय व्यापारी फळांवरचा इंग्रजी ग्रंथ १९५४ साली निघाला. त्यांची निवड नंतरच्या संशोधनातही कामी आली: राहुरीच्या कृषी विद्यापीठाने पुढे दिलेल्या ‘भगवा’ डाळिंबाचा एक पालक ‘गणेश’च आहे. – सं.